रात्री दोन वाजता आईने कोणाला विचारायचं?

मे २०२४ मधली गोष्ट. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना तो वेगळा सांगायची गरज नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही आणि रात्री कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. अशाच एका रात्री दोन वाजता भाचीचा फोन आला. तिचं बाळ सात महिन्यांचं. आदल्या दिवसापासून त्याला जुलाब लागले होते.

“मामू, ये आँखें नहीं खोल रा. दूध भी नहीं पी रा. क्या करूँ?”

घर दोन गल्ल्या सोडूनच. मी धावत गेलो. बाळाची टाळू आत गेलेली, ओठ कोरडे, रडायला आवाज नाही. भाचीच्या हातात मोबाईल होता. तासभर ती त्याच्यातच उत्तर शोधत होती. रोमन अक्षरांत ‘बच्चे को दस्त’ असं टाइप केलं होतं. सगळ्यात वर एका थेंबाच्या औषधाची जाहिरात. त्याखाली पांढरा कोट घातलेल्या एका माणसाचा व्हिडिओ. तो डॉक्टर होता की नाही देव जाणे, पण शेवटी स्वतःचं चूर्ण विकत होता. त्याखाली मराठी म्हणवणारं एक पान, ज्यातली वाक्यं मशीनने जुळवलेली होती. खानदानाच्या ग्रुपवर एका खालांनी कळवलं होतं की दात येताना असं होतंच, अंगावरचं दूध बंद करा. दुसऱ्यांनी दुआ पाठवली होती. तिसऱ्यांनी एक तावीजवाल्याचा नंबर.

आणि कोपऱ्यात माझं कर्तृत्व ठेवलेलं होतं. संध्याकाळी मीच मेडिकलमधून पुठ्ठ्याचे दोन डबे आणून दिले होते. त्यावर ठळक अक्षरांत ‘ओआरएस’ लिहिलेलं, शेजारी फळाचं चित्र. बाळाने ते थोडं थोडं करून बरंच प्यायलं होतं. त्यानंतर जुलाब कमी होण्याऐवजी वाढले होते.

पहाटे तीनला ऑटोने दवाखाना गाठला. सलाइन लागलं. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने तो डबा हातात घेतला, फिरवून मागची बाजू दाखवली आणि म्हणाली, “काका, हे ओआरएस नाही. हे शरबत आहे.” मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत तसं खरंच लिहिलेलं होतं: जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं ओआरएस हे नव्हे.

मी पदवीधर माणूस. लेख लिहितो, लोकांना शहाणपण शिकवतो. मला ते अक्षर दिसलं नव्हतं. बाळ चौथ्या दिवशी घरी आलं, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या रात्रीचा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरू नये म्हणूनच हा लेख.

डब्यावरचं खोटं आणि आठ वर्षांची लढाई

आधी त्या डब्याचा हिशेब. खऱ्या ओआरएसच्या एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. ही मापं उगीच नाहीत. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असेल तरच आतडं पाणी आत ओढतं. साखर फार झाली की उलटं होतं. शरीरातलं पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. त्या डब्यांतल्या पेयांत साखर याच्या आठ-दहा पट असते, असं हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष ओरडून सांगत होत्या.

ही बाई साधारण आठ वर्षं लढली. पत्रं लिहिली, न्यायालयात गेली, व्हिडिओ काढले. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला मनाई केली. तीनच महिन्यांत पळवाट निघाली: नाव लिहा, फक्त खाली सूचना छापा. माझ्या हाती आलेला डबा याच पळवाटेचं पिल्लू. शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती परवानगी काढून घेतली आणि नावातून ‘ओआरएस’ हा शब्दच हद्दपार केला. तरी साठा संपवायला मुदत द्या म्हणून दिल्ली हायकोर्टाचा दरवाजा ठोठावला गेलाच.

या गोष्टीत कोण अडाणी होतं? माझी भाची? तिचा मामा? की ज्याने ‘ओआरएस’ हा शब्द आईच्या भाषेत मोठ्या अक्षरांत आणि ‘हे ओआरएस नाही’ हे वाक्य तिला न येणाऱ्या भाषेत मुंगीएवढ्या अक्षरांत छापायला परवानगी दिली तो?

‘गुगल करू नका’

दवाखान्यांच्या भिंतींवर हल्ली एक पाटी दिसते. गुगलचं ज्ञान आणि डॉक्टरचं शिक्षण यांची गल्लत करू नका, अशा अर्थाची. वाचून लोक हसतात. मला हसू येत नाही.

मान्य, डॉक्टरांचा त्रास खरा आहे. ओपीडीत शंभर-दीडशे पेशंट, प्रत्येकाला दोन मिनिटं, त्यात कोणी मोबाईल पुढे करून ‘हे औषध का नाही दिलं’ विचारलं की डोकं फिरणारच. पण मग त्या दोन मिनिटांत आईला काय सांगितलं जातं ते पाहा. “हे सकाळ-संध्याकाळ, हे दुपारी, तीन दिवसांनी या.” आजार काय आहे, घरी काय पाहायचं, कोणती खूण दिसली की धावत यायचं, यातलं काहीच नाही. चिठ्ठीवरचं अक्षर तिला वाचता येत नाही. प्रश्न विचारला तर “तुम्हाला काय कळतं त्यातलं?” डोक्यावर ओढणी आणि तोंडी मोहल्ल्यातली हिंदी असेल तर आवाज आणखी एक पट्टी चढतो. हे मी ऐकीव सांगत नाही. आपापल्या घरातल्या बायकांना विचारा.

म्हणजे दिवसा उत्तर मिळत नाही आणि रात्री शोधलं तर गुन्हा. आईने मोबाईल उघडू नये असं वाटत असेल तर तिचा प्रश्न दिवसा पूर्ण ऐका. ते जमत नसेल तर ती रात्री जिथे शोधते तिथे खरं उत्तर नेऊन ठेवा. दोन्ही करायचं नाही आणि वर पाटी लावायची, हा निव्वळ उर्मटपणा आहे.

जुलाब लागले, अतिसार नाही

आता भाषेचं पाहू. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांच्यासाठी सरकारने काहीच छापलेलं नाही असं म्हणता येणार नाही. छापलेलं आहे. पण त्यात जुलाबाला ‘अतिसार’ म्हणतात, अंगातलं पाणी कमी होण्याला ‘निर्जलीकरण’ आणि ओआरएसला ‘जलसंजीवनी’. हे शब्द सुंदर आहेत, पण रात्री दोन वाजता कोणती आई ‘अर्भकातील निर्जलीकरण’ असं शोधते? ती ‘हगवण’ लिहील, ‘संडास लागली’ लिहील, ‘दस्त’ लिहील. न्यूमोनिया झालेल्या बाळाला आमच्या घरात ‘पसली चल री’ म्हणतात, शेजारच्या कुणबी घरात ‘डब्बा झाला’ म्हणतात. गोवराला आम्ही खसरा म्हणतो, ते ‘माता आल्या’ म्हणतात. आजार एकच, बाळं सारखीच, पण सरकारी पानाला यातलं एकही नाव ओळखीचं नाही.

विदर्भातल्या मुसलमान आईचा घोळ तर तिहेरी आहे. घरात बोलते ती नागपुरी वळणाची हिंदी. शाळा मराठी किंवा उर्दू. मोबाईलवर बोटं चालतात रोमन अक्षरांत. तिचं शिक्षण मराठीतलं, काळजी हिंदीतली, कीबोर्ड इंग्रजी. या तिन्हींच्या मधल्या फटीत चूर्ण विकणारा बसलेला असतो. त्याला तिची बोली बरोबर कळते. त्याच्या व्हिडिओचं शीर्षकच मुळी तिच्या तोंडचं असतं. खरं ज्ञान शुद्ध भाषेत दार लावून बसलंय आणि खोटं बोलीभाषेत दारोदार फिरतंय. मग जिंकणार कोण?

आणि हे कुठे, तर वर्ध्यात! सेवाग्रामच्या काळातच, १९४२ मध्ये, गांधीजींनी हिंदुस्तानी प्रचार सभा काढली ती नागरी आणि उर्दू या दोन्ही लिपींचा आग्रह धरून. लोकांना समजेल ती भाषा, एवढाच त्यातला मुद्दा होता. या गावात राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे, केंद्राचं हिंदी विद्यापीठ आहे. एका जिल्ह्यात दोन मेडिकल कॉलेजं आहेत, सेवाग्रामला आणि सावंगीला. भाषाही इथे, वैद्यकही इथे. दोघांची गाठ कोणी घालायची?

मुसलमानांवर खापर, आणि मुसलमानांचं मौन

मुलांच्या आरोग्याचा आणि अफवांचा विषय निघाला की कॅमेरा सरळ आमच्या मोहल्ल्याकडे वळतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीची मोहीम निघाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. उर्दू शाळांतून काही पालकांनी नकार दिला तर त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला गोवराने मुलं दगावली, पुढे मालेगाव, भिवंडीतही साथ पसरली. पुन्हा तेच: यांचा लसीवर विश्वास नाही.

विश्वासाचा प्रश्न होता, नाकारत नाही. पण कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, जगभरात जवळपास ४ कोटी मुलांचा गोवराच्या लसीचा डोस हुकला होता. ती सगळी काय मुसलमानांची होती? गोवंडीच्या झोपडपट्टीतली दाटी, कुपोषण, कामासाठी गावाकडून येणं-जाणं, रोजी बुडवून लसीसाठी उभं राहणं, यावर किती बातम्या झाल्या?

अफवा ही अडाण्यांचीच असते हाही एक गैरसमज. लसीने ऑटिझम होतो ही जगातली सगळ्यात महागडी अफवा १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित इंग्रजी मासिकातून आली. अवघ्या बारा मुलांवरचा अभ्यास. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. आणि मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर विश्वास ठेवून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने पाच भटक्या माणसांना ठेचून मारलं. त्या महिन्यातच व्हॉट्सअॅपला भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणावी लागली. मुलांच्या काळजीपोटी आलेली भीती कोणत्याही धर्माच्या माणसाला आंधळं करते.

हे सगळं सांगून झालं. आता आपल्या घरात येऊ, कारण दुसऱ्याला जाब विचारणाऱ्याने आधी स्वतःचा द्यावा लागतो.

डिसेंबर २०१८ मध्ये माझ्या मोबाईलवरच्या दोन ग्रुपवर मेसेज आला होता: गोवर-रुबेलाच्या लसीत डुकराची चरबी आहे, मुलांना नपुंसक करायचा डाव आहे. मी तो वाचला. खोटा आहे हे मला माहीत होतं. मी काय केलं? काही नाही. बड्यांच्या तोंडी कोण लागणार, मशिदीत भेट होते, वाईटपणा कशाला. माझ्यासारखे शिकलेले पंचवीस जण त्या ग्रुपवर होते. पंचवीस जण गप्प बसले. त्या पाठवणाऱ्यापेक्षा आमचा गुन्हा मोठा आहे, कारण त्याला माहीत नव्हतं.

उत्तर द्यायचं असतं तर ते हाताशी होतं. ही लस बनते आपल्या पुण्यात. तिच्यात स्थिरतेसाठी जिलेटिन वापरतात, हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. याच पुण्याच्या लसीवर ऑगस्ट २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने विचार केला. त्यांनी घटकावर आक्षेप नोंदवला, पण जीव वाचवण्याची निकड आहे आणि दुसरा पर्याय नाही म्हणून लस घ्यायला परवानगी दिली. त्याआधी १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामी वैद्यक संघटनेच्या परिषदेत विद्वानांनी मत दिलं होतं की मूळ पदार्थाचं रूप पूर्ण बदललं की त्याचा हुकूमही बदलतो. म्हणजे ज्यांना धर्माची काळजी होती त्यांच्यासाठी धर्माच्याच भाषेत उत्तर तयार होतं. फक्त ते मराठीत, उर्दूत, आमच्या ग्रुपवर आणायचं काम कोणी केलं नाही. मीही केलं नाही.

आणखीही आहे. जन्मलेल्या बाळाला मध चाटवणं, घुट्टी देणं, डोळ्यांत सुरमा घालणं. एक वर्षाच्या आत मध धोक्याचा आहे, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोटुलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. काही सुरम्यांत शिसं असतं आणि शिसं लहान मेंदूचा शत्रू आहे. हे बोललं की काही जणांना वाटतं धर्मावर बोट ठेवलं. पण ज्या कुरआनात आईने दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तो मानणाऱ्या घरात चिकाचं दूध काढून फेकतात आणि जुलाब लागले की अंगावरचं दूध तोडतात, याला धर्म म्हणायचं का? तावीज गळ्यात राहू द्या, कोणी काढायला सांगत नाही. पण पाणी पोटात जाऊ द्या.

सरकारी शिक्का म्हणजे खात्री नव्हे

“फक्त सरकारी माहितीवर आणि डॉक्टरवर विश्वास ठेवा” असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. मला तेही प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

३१ जानेवारी २०२१. शेजारचा यवतमाळ जिल्हा, घाटंजी तालुका. पोलिओ रविवारी बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. पण त्या गावातल्या आईला पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने ‘विश्वास ठेवा’ म्हणणार?

२०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडं निकामी होऊन एकामागून एक गेली, वीसहून जास्त. त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत गेली. ‘कोल्ड्रिफ’ नावाचं ते सिरप तमिळनाडूत बनलं होतं आणि तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, म्हणजे कारखान्यांत वापरायचं विष. या आईबापांनी व्हॉट्सअॅपवरचं काही ऐकलं नव्हतं. ते मुलांना डॉक्टरकडे घेऊन गेले होते आणि चिठ्ठीवरचं औषध विकत आणलं होतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये याच विषाने चौदा रुग्ण गेले, लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. चाळीस वर्षांनी तेच विष मुलांच्या चमच्यात.

ती मुलं गेल्यावर केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने सूचना काढली की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळावीत. ही गोष्ट जगातल्या बालरोगतज्ज्ञांना वर्षानुवर्षं माहीत होती. आमच्या आयांना कधी कळली? मुलं मेल्यावर, टीव्हीवर.

म्हणून मी म्हणतो, आईने प्रश्न विचारणं हा डॉक्टरचा अपमान नाही. ती मुलाची शेवटची राखण आहे. “हे औषध कशासाठी? नाही दिलं तर चालेल का?” एवढे दोन प्रश्न विचारायची हिंमत ज्या आईत आहे ती अडाणी नाही, आणि त्या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर शहाणा नाही.

जमलेलं आहे, म्हणून जमेल

निराश व्हायचं कारण नाही, कारण आपल्याच भागात हे जमवून दाखवलेलं आहे.

वर्ध्यात वाढलेले, सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकलेले अभय बंग आणि त्यांच्या पत्नी राणी बंग गडचिरोलीत गेले. त्यांनी पाहिलं की बाळं न्यूमोनियाने मरतात आणि दवाखाना लांब आहे. त्यांनी ‘दवाखान्यात या’ असे नुसते फलक लावले नाहीत. गावातल्या बायांना शिकवलं. ज्यांना मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं श्वास मोजायचं साधन बनवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास आला: ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ज्ञान गावाच्या बोलीत, गावाच्या बाईच्या हाती दिलं, एवढाच त्याचा मतितार्थ.

पोलिओचंही तेच. पश्चिम उत्तर प्रदेशात ‘हे थेंब नसबंदीचे आहेत’ ही अफवा वर्षानुवर्षं होती. ती पोलिसांनी मोडली नाही. मोहल्ल्यातल्या बायांनी, इमामांनी, अलीगढ आणि जामियाच्या शिकलेल्यांनी मोडली. मशिदीच्या भोंग्यावरून पोलिओ रविवारची सूचना झाली. १३ जानेवारी २०११ रोजी आढळलेला हावड्याचा रुग्ण देशातला शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या समाजावर खापर फोडलं जात होतं त्याच समाजाने ते काम पूर्ण केलं.

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये काढलं तेच मुळी खेड्यासाठी. तिथले विद्यार्थी पहिल्याच वर्षी एका दत्तक गावात मुक्कामाला जातात, घरोघरी फिरतात. माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या दोन्ही कॉलेजांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने डॉक्टर होण्याआधी एका आजारावर, गावातल्या बाईच्या तोंडच्या शब्दांत, तीन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करावं. मराठीत एक, आमच्या हिंदीत एक. शिक्षकाने तपासावं, खाली नाव आणि तारीख घालावी. ‘हगवण’, ‘दस्त’, ‘पसली चलना’ या शब्दांनी शोधलं तर ते सापडावं. पाच वर्षांत चूर्णवाल्याला हा जिल्हा सोडावा लागेल.

तोवर आपण काय करायचं

तोवर हात बांधून बसायचं नाही. तुमच्या घरात एक विश्वासाची गोष्ट आधीच पडून आहे. गरोदरपणी नोंद करताना मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड. ट्रंकेत, आधार कार्डांच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं. ते मराठीत आहे. त्यात लसींचं वेळापत्रक आहे, वजनाचा तक्ता आहे, धोक्याच्या खुणा चित्रांसकट आहेत. ते बाहेर काढा आणि मोबाईलवर जे दिसेल ते आधी त्याच्याशी ताडून पाहा.

व्हिडिओ किंवा पान उघडलं की चार गोष्टी बघा. बोलणाऱ्याचं नाव आणि शिक्षण दिलंय का? तारीख आहे का? शेवटी काही विकतोय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘अशी खूण दिसली तर घरी थांबू नका’ असं तो सांगतो का? जो फक्त घरगुती इलाज सांगतो आणि दवाखान्यात कधी जायचं हे सांगत नाही, तो कितीही गोड बोलत असला तरी बंद करा.

आणि हे पाठ करा. जुलाब लागले तर अंगावरचं दूध तोडायचं नाही, जास्त वेळा पाजायचं. ओआरएसची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. किती द्यायची ते वयावर, आशाताईंना विचारा. पुडी आणि गोळी त्यांच्याकडे फुकट मिळते. डोळे खोल गेले, टाळू बसली, लघवी होईना, पिणं बंद झालं, बाळ सुस्त पडलं, शौचात रक्त दिसलं, तर एक मिनिट घरी थांबायचं नाही.

पसली चालत असेल तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर दवाखाना. सल्ल्यासाठी १०४, गाडीसाठी १०८.

हे मोबाईलमध्ये नाही, घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

भाचीचं बाळ आता पळतं. परवा ग्रुपवर पुन्हा एक मेसेज आला, जुलाबावर कसलासा काढा पाजायचा, दूध बंद करायचं. मी खालांना फोन केला, आधी खैरियत विचारली, मग म्हटलं, “खाला, ये मेसेज से अपना बच्चा जाते-जाते बचा था.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बेटा, तो उस वक्त बोलना था ना.”

खरं आहे. त्या वेळीच बोलायला हवं होतं.